साडूंची लिंबं आणि बांधावरची सही

श्रीगोंद्याला मी गेलो तो साडूंच्या लिंबांत खोट काढायला, हे आधीच सांगून टाकतो. गावात कुणी विचारलं तर मी 'अभ्यास दौरा' म्हणतो, आणि तसं म्हणायला हरकतही नाही, कारण सोबत वही नेली होती. पण त्या वहीच्या पहिल्या पानावर मी बसमध्येच लिहून ठेवलं होतं, 'कुठे लपवतात ते बघणे.'

मी मिरजेजवळचा, कृष्णाकाठचा हळदवाला. आमच्या अकरा जणांच्या गटाची हळद पुण्यातल्या एका लोणच्याच्या कारखान्याला जायची. विनाऔषधाची म्हणून जायची. या मार्चमध्ये सगळा लॉट परत आला. तपासणीत बुरशीनाशकाचा अंश सापडला होता. हळद एकत्र केलेली, त्यामुळे अंश कुणाच्या रानातला हे कळायला मार्ग नव्हता. गटाच्या बैठकीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा तुकानानांवर जाऊन थांबल्या. नाना सत्तरीचे, डोळ्यांना कमी दिसतं. "कुठल्या डब्यात काय हाय, नानांना काय कळतंय," असं कुणीतरी म्हणालं. नाना उठले. चपला घालून निघून गेले ते पुन्हा बैठकीला आले नाहीत.

मग कारखान्याच्या खरेदीच्या बाईंचा फोन आला. "श्रीगोंद्याच्या लिंबूवाल्यांकडे जाऊन बघा. पहिलं वर्ष सोडलं तर त्यांचं एक क्रेट परत करायची वेळ आली नाही. तशी पद्धत लावणीच्या आधी बसवलीत तर ठीक, नाहीतर यंदापासून आम्ही हळद दुसरीकडून घेऊ." आमच्या अकरा घरांची हळद अडली होती ती एवढ्यावर. आणि श्रीगोंद्याचे लिंबूवाले म्हणजे कोण, तर बाळासाहेब. माझे सख्खे साडू.

माझी बायको कुसुम थोरली, तिची बहीण मंदा धाकटी. मला काळी कसदार जमीन, बारमाही पाणी. बाळासाहेबांना मुरमाड माळ. मंदाला तिथे देताना सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. वीस वर्षं मी बाळासाहेबांची कीव करत सुखात होतो. दिवाळीला सासरी गेलो की सासरे मला शेजारी बसवून घ्यायचे आणि बाळासाहेबांना म्हणायचे, "तुम्हीबी बसा." आता उलट झालंय. आता मला 'तुम्हीबी' म्हणतात.

दौंडच्या पुढे

दौंड सोडून भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो. पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, जीपवाल्याच्या तोंडी मात्र नगरच. एप्रिलचा पहिला आठवडा होता. दोन्ही बाजूंना तांबूस उघडा माळ, मधूनच उसाचा हिरवा पट्टा, पुन्हा माळ, बाभळी. आमच्याकडे ढेकूळ फोडलं की आत ओल दिसते. इथे फोडायला ढेकूळच दिसेना. मला फार बरं वाटलं. अशा जमिनीत काहीतरी लबाडी केल्याशिवाय काय येणार, असा विचार करत मी सीटवर जरा सैल होऊन बसलो.

फाट्यावर बाळासाहेब मोटारसायकल घेऊन उभे होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण पोट अजून सपाट. ही गोष्टसुद्धा मी मनात टिपून घेतली.

"या साडूभाऊ! लई दिसांनी पाय लागले. प्रवास बरा झाला न्हवं?"

"झाला की," मी म्हणालो. "ऊन फार तुमच्याकडे."

"व्हय, ते मातर आमच्याकडं भरपूर पिकतं," असं म्हणून ते स्वतःच हसले. आपल्या जमिनीची अशी थट्टा आधी त्यांनीच करून टाकली, की मला करायला काही उरत नाही. ही त्यांची जुनी खोड आहे.

घरी मंदाने हुलग्याची शेंगोळी केली होती. माझ्या लहानपणी आमच्या घरी हुलगा बैलासाठी शिजायचा, त्यामुळे पहिला घास मी पाहुण्यासारखा निमूट घेतला. लसूण-मिरचीच्या तिखट रश्शात शिजलेली ती बोटाएवढी मऊ वळकटी, वर कच्चं तेल आणि बाजरीची गरम भाकरी. दुसऱ्यांदा मी मागून घेतली. तिसऱ्यांदा मंदाने न विचारता वाढली.

"दाजी, ताई करत न्हाई का कधी?"

"नाही," मी म्हणालो. ते 'नाही' जरा जोरात गेलं असावं, कारण बाळासाहेबांनी ताटातून मान वर केली. एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या दोन बहिणी, त्यातली एक इथे आली आणि सासूकडून हे शिकली. दुसरी माझ्याकडे आली आणि तिला वीस वर्षं आमच्या घरची आमटी खावी लागली. त्यात चूक कुसुमची नव्हती हे कळत होतं, तरी पोटात दुखायचं ते दुखलंच.

बांध

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग पाहिली. चांगली निघू नये अशी माझी फार इच्छा होती.

दोनशे झाडं. प्रत्येकाच्या आळ्यात वीतभर जाड उसाचं पाचट अंथरलेलं. आसपासचे ऊसवाले तोडणीनंतर पाचट पेटवून देतात, त्याच्या आधी बाळासाहेब गाडी घेऊन जातात आणि उचलून आणतात. पाचट बाजूला करून मी माती हातात घेतली. वर एप्रिलचं तापलेलं ऊन आणि खाली माती गार, ओली, गांडुळांनी भरलेली. मी आमच्या काळ्या रानात दरवर्षी काडी लावून पाचट जाळतो. धूर बघायला मला आवडतो, असंही मी आजवर सांगत आलोय. माती तशीच खाली टाकली आणि हात पँटला पुसले. उठताना लिंबाचा काटा अडकून सदरा पाठीवर टर्रकन फाटला. बाळासाहेब काटा सोडवत म्हणाले, "सगळ्या पाव्हन्यांला एकदा घावतो."

लिंबं तोडायला त्यांच्याकडे लांब काठीला जाळी बांधलेला झेला असतो. लिंबू त्यात अलगद पडतं, जमिनीवर आपटत नाही. भरलेल्या क्रेटवर चिठ्ठी लावतात. त्या चिठ्ठीवर दोन नावं होती. वर बाळासाहेबांचं, खाली 'गजराबाई'.

"ह्या कोण?"

"भावकी. माझ्या चुलतभावाची मंडळी. तो वारला, आता तीच बगती. पलीकडची बाग तिची, बांधाला बांध." त्यांनी हनुवटीने दाखवलं. "माझ्या बागेत औषध मारलं न्हाई, अशी सही तिची लागती. तिच्या बागेवर माझी."

"चांगलं जमतं म्हणायचं तुमचं."

"चौदा वर्सं झाली, बोलत न्हाई आमी."

मला वाटलं थट्टा करतात. पण ते गंभीर होते. बांध कुणी कोरला यावरून भांडण झालेलं. ते म्हणतात तिने, ती म्हणते यांनी.

"आदी आमी मित्राची सही घ्यायचो," बाळासाहेब सांगू लागले. "मित्र यायचा, च्या प्यायचा, सही ठोकायचा. बागंत पाय ठेवायचा न्हाई. पहिल्याच वर्सी माल मागारी आला. लिंबाचं लोनचं सालीसकट खात्यात ना, आनि औषध बसतं सालीवर. मंग बैठकीत ठरलं, ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्यानंच त्याची सही करायची. अहो, आपल्याशी वाकडं असलेल्या मानसाइतकं आपल्या रानाकडं दुसरं कोन बगतं?"

एवढ्यात गजराबाईच आल्या. साठीच्या, उंच, काटक, डोक्याला पंचा गुंडाळलेला. बाळासाहेब झटकन दोन पावलं मागे सरकले. बाई माझ्याकडे बघून "पाव्हनं का?" एवढं म्हणाल्या आणि थेट बागेत शिरल्या. एकेक फांदी खाली ओढायची, पान उलटं करायचं, बोटाने पुसायचं, बोट नाकाला लावायचं. चुलतसासऱ्याच्या पोराची बाग असून अशी तपासत होत्या की आमच्याकडे लोक सोनंसुद्धा इतकं बघून घेत नाहीत.

मग मला म्हणाल्या, "पाव्हनं, त्यांना सांगा, खालच्या अंगाच्या झाडावर खैऱ्या यायलाय, पानावर डाग हायेत. फांदी छाटा म्हनावं."

'ते' तीन हातांवर उभे होते. मी वळून म्हणालो, "बाळासाहेब, खालच्या झाडावर खैऱ्या येतोय म्हणे."

"बगतो म्हनावं."

"बघतो म्हणताहेत."

"काल बी बगतो म्हनले असतील," बाई म्हणाल्या, "पर छाटली न्हाई."

अर्धा तास मी असा मधला खांब होऊन उभा होतो. मनात मात्र म्हणत होतो, हे नाटक आहे. घरचीच बाई, घरचीच सही. बाहेरच्यांना दाखवायला अबोला.

आणि दुपारी मला हवं ते सापडलं. सगळे जेवून आडवे झाले होते. मी वही घेऊन बांधाने चालत गेलो. कुंपणाच्या काट्यांत, बाळासाहेबांच्या शेवटच्या ओळीपासून हातभर अंतरावर, कीटकनाशकाची रिकामी बाटली खोचलेली होती. टोपण काढून वास घेतला. ताजा. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. बाटली पंच्यात गुंडाळली आणि माझ्या कापडी पिशवीत, गावाहून आणलेल्या भडंगाच्या पुड्यामागे दडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गटाची बैठक होती. तिथे सगळ्यांसमोर काढायची आणि फक्त एवढंच विचारायचं, "ही कुणाची?" सासऱ्यांना हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मी पुढच्या तासाभरात तीन वेगवेगळ्या प्रकारे ठरवलं.

शेड

गटाचं पत्र्याचं शेड गावाबाहेर रस्त्याला लागून आहे. दर गुरुवारी माल पुण्याला जातो, त्याआधी सगळे तिथे जमतात. ज्याचा माल, त्याचं नाव पुकारायचं. मग त्याच्या बागेवर सही करणाऱ्याने उभं राहून सगळ्यांसमोर सही द्यायची किंवा नाही म्हणायचं. चहा नंतर. आमच्या बैठकीत चहा आधी असतो आणि बऱ्याचदा तेवढाच असतो.

बाळासाहेबांचं नाव पुकारलं. गजराबाई उठल्या. मी पिशवीत हात घातला.

"बांधालगतच्या दोन वळी सोडून सही देते," बाई म्हणाल्या. "त्या दोन वळींची देत न्हाई."

बाळासाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शेडच्या पत्र्याकडे बघून विचारलं, "का म्हनावं?"

"मंगळवारी माझ्या वांग्याला अळी पडली. भाचा आल्ता, त्यानं औषध मारलं. मीच मार म्हनलं. दुपारचं वारं त्यांच्या अंगाला हुतं, दोन वळीवर उडालं. माझ्या बी बांधाकडच्या झाडांची सही कुनी देऊ नका." बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "रिकामी बाटली मी कुपाटीत खोचून ठेवली हुती. आज इथं दावायची म्हनून. आता ती न्हाई तिथं."

माझा हात पिशवीतच राहिला.

"ती पाव्हन्यांच्या पिशवीत हाय," बाईच म्हणाल्या. "काल दुपारी उचलताना बगितलं मी."

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि शेड हसण्याने दणाणलं. मी बाटली बाहेर काढली. पुडा फुटला होता, त्यामुळे बाटलीला भडंगाचे दाणे आणि लसणाच्या पाकळ्या चिकटलेल्या. त्या हसण्यात बाळासाहेब तेवढे नव्हते. ते माझ्याकडे बघतही नव्हते.

ते उठले. त्या दोन ओळींची चार क्रेट बुधवारीच तोडून आणली होती. एकेक उचलून त्यांनी शेडमागे नेलं आणि खड्ड्यात ओतलं. पिवळीधमक, टपोरी लिंबं. कुणी मदतीला उठलं नाही, कुणी हळहळलंही नाही. चौथं क्रेट ओतून आल्यावर ते पुन्हा पत्र्याकडे बघून म्हणाले, "ती वांगी चार दिस खाऊ नका म्हनावं."

"कळतंय मला," बाई भिंतीकडे बघून म्हणाल्या.

चहा घेताना गजराबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्या बाटलीविषयी काहीच बोलल्या नाहीत.

"तुमच्या हळदीवर सही कोन करतं?"

"ज्याची त्यानेच करायची."

"मंग ती कशाला करायची? शाई वाया." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "तुमचा बांधकरी कोन?"

"चुलतभाऊ. शंकर."

"बोलता?"

"सहा वर्षं नाही. बांधावरच्या चिंचेवरून झालं होतं."

"मंग झालं की! निम्मं काम झालंय तुमचं," बाई म्हणाल्या. "तो बगतच असंल."

त्यांनी ते सहज म्हटलं. मी चहा अर्धाच ठेवला.

आता ते सांगतो, जे वहीतही लिहिलं नव्हतं. गेल्या गौरी जेवणाच्या दिवशी, सगळं गाव घरात पुरणपोळ्या खात असताना, मी एकटा रानात होतो. माझ्या हळदीला कंदकूज लागली होती. आठवडाभर मी गटाने सांगितलेले उपाय केले, मग धीर सुटला. मिरजेहून बुरशीनाशक आणलं आणि दोन तासांत सगळ्या सऱ्यांना मुळाशी ओतून आळवणी दिली. डबा विहिरीजवळ पुरला. काढणीनंतर कागदावर माझी मीच सही केली. लॉट परत आला तेव्हा कारण सापडायला मला तपासणीची गरज नव्हती. आणि सगळे तुकानानांकडे बघत होते तेव्हा, मीही त्यांच्याकडेच बघत होतो.

त्या शेडमध्ये मला बाळासाहेबांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा वीस वर्षांत कधी वाटला नव्हता. बागेचा नाही, सासऱ्यांच्या शेजारच्या पाटाचाही नाही. त्यांच्या वैरिणीचा. ती बाई बांधावर उभी असते म्हणून त्यांना चोरी करताच येत नाही. चार क्रेट खड्ड्यात ओतून ते घरी जातील आणि दोन भाकरी खाऊन गाढ झोपतील. मला गौरी जेवणापासून ते सुख नाही.

दौंडला सोडायला आले तेव्हा बाळासाहेबांनी मंदाने दिलेली लिंबांची पिशवी माझ्या हातात दिली. "वरल्या अंगाची हायेत, सहीवाली," ते म्हणाले. मग डोळे बारीक करून, "खोट घावली न्हवं, साडूभाऊ?"

"घावली," मी म्हणालो. गाडी आली म्हणून पुढचं बोलायचं वाचलं.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता, मंदाची लिंबांची पिशवी घेऊन मी रानात गेलो. शंकर उसाला पाणी देत होता. मला बघून त्याने सवयीने पाठ फिरवली. मी बांधावर, चिंचेखाली उभा राहिलो. मध्ये निरोप सांगायला कुणी पाहुणा नव्हता. मला स्वतःलाच बोलावं लागलं.

"शंकर, यंदा माझ्या हळदीवर सही तू करायचीस."

तो फावडं टेकवून उभा राहिला. मी पद्धत सांगितली. लिंबं, दोन नावं, गजराबाई, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "गौरी जेवनादिशी निळा पंप हुता तुझ्याकडं. डबा हिरीच्या कडंला पुरलास. मी उसात पानी मोडत हुतो."

मी विहिरीकडे पाहिलं. "मग बोलला का न्हाईस?"

"आपलं बोलनं कुठं हाय?"

पाणी सरीबाहेर फुटलं होतं, त्याने वळून दोन फावडी माती ओढली. मी लिंबांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "करशील का सही?"

"आदी तुकानानाच्या दारात जाऊन ये," तो म्हणाला. "डबा कुनी पुरला, ते त्येला सांग. त्येच्या घरातली मानसं समोर असताना सांग. मंग सहीचं बगू."

"नाना काय म्हणतील?"

"मला काय ठावं? मी तुझ्यावर नजर ठेवतो, त्येंच्यावर न्हाई."

मी निघालो. गाडीवाट पुढे ओढ्यापाशी फुटते. डावीकडे माझं घर, उजवीकडे नानांचं. त्या फाट्यावर मी पिशवी खाली ठेवली, घाम पुसला, आणि खरं सांगायचं तर डावीकडे एक पाऊल टाकलंसुद्धा. मग मागे वळून पाहिलं. पाणी तसंच सोडून शंकर बांधावर चढून उभा होता, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून, मी कुठे वळतोय ते बघत. मी पिशवी उचलली आणि उजवीकडे वळलो.